रिकाम्या ट्रेलरमधला सासरा

दंतवैद्य निवृत्त झाल्यावर ग्लायडर उडवायला लागले, आणि तेव्हापासून ते स्वतःचे स्वतः घरी परतलेत असं क्वचितच झालं. बिनमोटरीचं विमान ते. दुसरं विमान त्याला दोरीनं ओढून वर नेतं आणि सोडून देतं. पुढं वर चढणारी गरम हवा सापडली तर तिच्यात गिरक्या घेत उंच जायचं, नाही सापडली तर हळूहळू खाली यायचं आणि खाली जी काही मोकळी जागा असेल तिथं उतरायचं. दंतवैद्यांना गरम हवा सापडायची, नाही असं नाही. पण ती त्यांना ग्लायडरवाल्यांच्या क्लबापासून चांगली लांब नेऊन सोडायची. मग काय, कुणाच्या तरी कापणी झालेल्या शेतात उतरायचं, मालकाची माफी मागायची आणि सूनबाईला फोन लावायचा.

सूनबाईचा कारखाना होता, जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवण्याचा. फोन आला की ती हातातली स्टेपलची बंदूक खाली ठेवायची, सोफा अर्धा सोललेला तसाच टाकायची, व्हॅनला ट्रेलर जोडायची आणि निघायची. ट्रेलर म्हणजे एक लांबलचक पांढरी पेटी. शेतात पोचलं की दोघांनी मिळून ग्लायडरचे पंख काढायचे, पंख आणि धड पेटीत सरकवायचं, दार लावायचं आणि क्लबाचा रस्ता धरायचा. क्लबात ट्रेलर सोडून ती तशीच कारखान्यात पळायची आणि दंतवैद्य आपल्या स्कूटरवरून घरी यायचे.

आता खरं सांगायचं तर दंतवैद्यांना उडण्यापेक्षा हे परत येणंच जास्त आवडायचं. घरात सासरा-सुनेचं बोलणं म्हणजे "पाणी ठेवू का, बाबा?" आणि "ठेव". बाकी सगळं मुलगा बोलायचा. मुलगा विम्याच्या कंपनीत होता, कुठल्या माणसाला काय होऊ शकतं याचा त्याचा दांडगा अभ्यास, आणि तो अभ्यास तो जेवताना सांगायचा. व्हॅनमध्ये मात्र दोघांची तोंडं रस्त्याकडं, एकमेकांकडं बघावं लागत नाही, आणि मागं एवढं लांब शेपूट असल्यामुळं जोरात जाता येत नाही. असल्या गाडीत माणूस बोलतो. दंतवैद्यांनी तिला तिथंच सांगितलं होतं की दाढ उपटताना आयुष्यभर त्यांच्या स्वतःच्याच पोटात गोळा यायचा. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि तिनं त्यांना सांगितलं होतं की कधीकधी ती गिऱ्हाइकाच्या सोफ्याच्या आत, कापड शिवायच्या आधी, एक चिठ्ठी टाकून देते. चिठ्ठीत काय लिहिते ते सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

दंतवैद्यांची आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यांना तोंडानं "नको" म्हणता यायचं नाही. जन्मभर गिऱ्हाइकाच्या तोंडात हात घालून एकट्यानंच बोलायची सवय, त्यामुळं असेल. नको असलं की ते नुसता घसा खाकरायचे. ताटात जास्त पडायला लागलं, खाकरले. मुलानं आणलेला शर्ट आवडला नाही, खाकरले. घरात सगळ्यांना ते कळायचं.

तर झालं असं की मुलाची बदली झाली, दुसऱ्या शहरात, मोठ्या पदावर. ही बातमी त्यानं जेवायला बसल्यावर दिली आणि लगेच म्हणाला, बाबा, तुम्ही येणारच, नाही का? घर बघतोय, तीन खोल्यांचं बघू की दोन, तेवढं सांगा. दंतवैद्य म्हणाले, "बघू." त्यांनी सुनेकडं पाहिलं. ती ग्लासात पाणी ओतत होती आणि ग्लास भरला तरी ओततच राहिली होती. आता यातून काय समजायचं? ओझं नको म्हणून भान सुटलं की आणखी कशानं? मुलगा बोलावणारच, त्याचं कर्तव्य आहे. पण घरात दिवसभर वावरायचं ते सुनेबरोबर. तिला मनापासून हवेत का आपण? दंतवैद्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं. तिनं हो म्हटलं तर जायचं, नाहीतर इथंच एकट्यानं राहायचं. आणि हे विचारायची जागा जगात एकच होती, ती म्हणजे ती व्हॅन.

ठीक आहे, दंतवैद्यांनी ठरवलं, पुढच्या वेळी शेतात उतरलो की परत येताना विचारू. मोसमाचे थोडेच रविवार उरले होते, पण शेतात उतरण्याच्या बाबतीत त्यांचा स्वतःवर पूर्ण भरवसा होता.

आणि नेमकं तेव्हाच मुलानं त्यांना मोटर भेट दिली.

अगदी प्रेमानं दिली हो. त्याच्या बिचाऱ्याच्या मनात एवढंच, की बाप या वयात कुठल्या चिखलात उतरायला नको आणि बायकोला काम टाकून धावायला नको. क्लबाच्या मेकॅनिकनं ती ग्लायडरच्या नाकात बसवली. पंख्याची दोन पाती नाकाला चिकटून मिटलेली, बटण दाबलं की फटकन उघडून फिरायला लागायची. बॅटऱ्या सीटच्या मागं. मेकॅनिक म्हणाला, हिला सस्टेनर म्हणतात, हिच्या जोरावर जमिनीवरून उडायचं मात्र नाव काढू नका. वर असलात तर तुम्हाला वर ठेवेल आणि घरी आणून सोडेल, बस्स. दंतवैद्यांनी चांगला लांब घसा खाकरला, पण मोटर बसवून झाली होती. वर मुलानं हात पुढं केला. "चारशे मीटरच्या खाली आलात की मोटर सुरू करायची, बाबा. शब्द द्या मला." मुलाचे डोळे पाणावलेले पाहून दंतवैद्यांनी शब्द देऊन टाकला. आणि शब्द म्हणजे शब्द, त्या बाबतीत माणूस कडक होता.

पुढच्याच रविवारी ते गावाबाहेरच्या तुरुंगावर चारशे मीटरवर आले. हवा मेलेली. त्यांनी मोठ्या कष्टानं बटण दाबलं, मोटर गुणगुणायला लागली आणि बघता बघता ते क्लबाच्या धावपट्टीवर येऊन टेकलेसुद्धा. काच उघडून "आलो रे" असं म्हणाले. कुणीही वळून पाहिलं नाही.

याचं कारण असं. या क्लबात मोसमभर स्पर्धा चालायची आणि स्पर्धेचा नियम स्पष्ट होता, की ज्यानं मोटर सुरू केली तो त्याच जागी उतरला. हवेत असला तरी उतरला. हे बरोबरच आहे, नाहीतर मोटरवाले उगाच गुण खातील. पण क्लबाचा एक दुसरा, फार जुना नियम होता. पूर्वी एकदा एका वैमानिकाला आणायला दुसरं कुणीतरी गेलं असेल असं सगळ्यांनीच धरलं आणि तो माणूस दोन दिवस शेतात बसून होता. तेव्हापासून ठरलं, की जो बाहेर उतरला त्याला आणायला ट्रेलर गेलाच पाहिजे. आणि ट्रेलर परत आल्यावर पंचांनी स्वतः दार उघडून "आला" असं म्हटल्याशिवाय तो आलेला नाही. हे दोन नियम आजवर कधी एकमेकांना भेटले नव्हते. दंतवैद्यांच्या ग्लायडरच्या नाकात ते भेटले.

पंच म्हणजे क्लबातला सगळ्यात नेमस्त माणूस. दंतवैद्यांनी मोटर सुरू करताना वायरलेसवर जागा कळवली होतीच. पंचांनी सुनेला फोन करून सांगितलं, तुमचे सासरे तुरुंगावर उतरलेत. दंतवैद्य तिथंच शेजारी उभे राहून अहो मी इथं आहे म्हणून सांगत होते. पंच त्यांच्या अंगावरून पलीकडं बघत म्हणाले, "माणूस चांगला होता. येईल, येईल."

सून गेली. जाणारच. तिला पंचांचा फोन आला म्हणजे तो नियमाचाच फोन. इकडं दंतवैद्य कॅन्टीनमध्ये जाऊन बसले तर कॅन्टीनवाली बाई त्यांच्या टेबलावरचे कप आवरून गेली. त्यांनी चहा मागितला तेव्हा ती शेजारच्या टेबलावरच्या लोकांना म्हणाली, आज दंतवैद्य असते तर एव्हाना दोन चहा झाले असते. तशी ती मायाळू. थोड्या वेळानं एक कप भरून नुसताच रिकाम्या टेबलाच्या कडेला ठेवून गेली, कुणी प्यायला तर आपण पाहिलं नाही अशा बेतानं.

तिकडं सूनबाईनं लांब ट्रेलर तुरुंगाच्या फाटकाशी लावला आणि पहारेकऱ्याला सांगितलं की माझे सासरे आत उतरलेत, न्यायला आलेय. पहारेकरी हबकला. त्यानं आत जाऊन सगळे कैदी मोजायला लावले. कैदी बरोबर भरले. मग तर तो जास्तच घाबरला, म्हणाला, बाई, तुमचे सासरे धरून जर आकडा बरोबर येत असेल तर आमचा एक जण पळालाय. सगळ्यांना नावानं हाका मारून होईपर्यंत तिला बसवून ठेवलं. शेवटी रिकामा ट्रेलर घेऊन ती क्लबात आली, पंचांनी दार उघडून आतल्या अंधारात नीट पाहिलं, दार लावलं आणि म्हणाले, "आला." त्याबरोबर चार जण दंतवैद्यांच्या पाठीवर थाप मारायला धावले. त्या गर्दीतून मान काढून बघतात तोवर व्हॅन फाटकाबाहेर गेलेली.

दंतवैद्यांनी दुसरीकडं विचारायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. कारखान्यात गेले. तिथं स्टेपलच्या बंदुकीचा आवाज, आणि दोन गिऱ्हाइकं कापडाच्या रंगावरून भांडत होती. मग एकदा त्यांनी सुनेला म्हटलं, जरा बाजारात सोडशील का मला? ती लगेच उठली, तर मुलगा म्हणाला, चला मीही येतो, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. जाताना वाटेत त्यानं वाहनांच्या धडका कुठल्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त होतात ते दाखवलं. दंतवैद्य मागं बसून तिच्या मानेकडं बघत राहिले.

पुढच्या रविवारी ते तळ्यावर उतरले. म्हणजे आपल्या समजुतीनं क्लबातच उतरले, पण नियमानं तळ्याच्या मधोमध. सून ट्रेलर घेऊन काठावर गेली. तिथला नावाडी समजूतदार निघाला, होडी घेऊन मध्यापर्यंत जाऊन आला, पाण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, आत्ता तरी दिसत नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला मोटर सुरू झाली ती शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकावर. तिथं थांबायला जागा नाही, म्हणून ती तो ट्रेलर घेऊन चौकाला गोल गोल फिरत राहिली, आणि शिपाई शिट्ट्या मारून दमला. ही हकीकत तिनं पंचांना सांगितली तेव्हा दंतवैद्य खांबाआड उभे राहून ऐकत होते, कारण ट्रेलर अजून उघडला नव्हता आणि ते अजून चौकातच होते.

पण त्यांना दुसरंच काहीतरी टोचत होतं. सून दर वेळी परत यायची ती त्रासलेली नाही, उलट चेहरा मोकळा, गाल जरासे लाल, मनासारख्या गप्पा झाल्या की माणूस दिसतो तशी. तळ्यावरून आली तेव्हा तर डोळे रडून सुजलेले होते आणि तरी हसत होती. कुणाशी बोलत होती ही? व्हॅनमध्ये दुसरं कोण असतं? दंतवैद्यांना चक्क हेवा वाटायला लागला, आणि तो स्वतःच्याच रिकाम्या जागेचा. लाज वाटली त्यांना, पण वाटायचा तो हेवा वाटलाच.

असं करत मोसमाचा शेवटचा रविवार उजाडला. सकाळी मुलगा म्हणाला, बाबा, उद्या घराचं पक्कं करायचंय, दोन की तीन? दंतवैद्य म्हणाले, "संध्याकाळी सांगतो," आणि सुनेकडं न बघता बाहेर पडले. आज काहीही करून त्या व्हॅनमध्ये बसायचं होतं.

दुपारपर्यंत गरम हवा चांगली होती. नको तेव्हा ती असतेच. मग ढग पांगले आणि ग्लायडर खाली यायला लागलं. आठशे, सहाशे, पाचशे. खाली एका विटभट्टीला लागून मोठं कापलेलं शेत होतं, सपाट, झाड नाही, तारा नाहीत. याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. पण दिलेला शब्द आड आला. चारशेला त्यांनी बटण दाबलं, पाती उघडली, आणि वायरलेसवर सांगितलं, "मोटर सुरू केली. विटभट्टीच्या शेतात उतरलो." पंच म्हणाले, "सुनेला कळवतो." आणि तेवढ्यात दंतवैद्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शब्द दिला होता तो मोटर सुरू करण्याचा. ती घेऊन क्लबातच जायचं असं कुणी म्हटलं होतं?

त्यांनी मोटर चालू ठेवली आणि आपण जिथं उतरलो होतो त्या शेतावरच घिरट्या घालायला सुरुवात केली. लगेच उतरावं असं आधी वाटलं. पण मग वाटलं, ती येऊन नेमकी काय करते ते एकदा बघावं, ही कुणाशी बोलते ते कळू दे. माणसाचं मन, दुसरं काय. बॅटरीचे दिवे एकेक करून विझायला लागले. लांब रस्त्यावर पांढरा ट्रेलर दिसला, रेल्वेच्या फाटकापाशी येऊन थांबला. फाटक बंद. मालगाडी आली, ती संपता संपेना. आणखी एक दिवा गेला. दंतवैद्य वरून त्या मालगाडीला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी फाटक उघडलं, व्हॅन शेताच्या बांधाशी येऊन उभी राहिली, सून उतरली. तिनं फिरून डाव्या बाजूचं दार उघडलं, रिकाम्या सीटकडं बघून काहीतरी म्हणाली, दार लावलं. वर बघायचं नावसुद्धा नाही. त्याच वेळी शेवटचा दिवा विझून मोटर बंद पडली.

ते सरळ उतरले. ढेकळांवरून धडधडत ग्लायडर व्हॅनपासून थोड्या अंतरावर थांबलं आणि एका पंखावर कलंडलं. सून चालत आली. तिनं काचेवर टकटक केली.

"किती वेळ हो, बाबा," ती म्हणाली. "इथं उतरून तास होत आला तुम्हाला."

दोघांनी सवयीनं पंख काढले, सरकवले, दार लावलं. दंतवैद्य पुढच्या सीटवर बसायला गेले तर तिथं एक नवी उशी होती, त्यांच्या कमरेच्या मापाची, आणि समोरच्या कप्प्यात अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा. त्यांची आवडती बिस्किटं. सूनबाईनं गाडी सुरू केली. विटभट्टीच्या खड्ड्यांतून तिनं ट्रेलर हळूहळू बाहेर काढला. मग मोठा रस्ता लागला, दोघांची तोंडं समोर, आणि दंतवैद्यांनी एकदाचं विचारलं.

"मुलाचं सोड. तो बोलावणारच. मी तुमच्याबरोबर यावं असं तुला वाटतं का? तुला?"

तिनं गिअर बदलला. तिला जरा आश्चर्यच वाटलेलं दिसलं.

"हे आपलं बोलून झालंय की, बाबा."

"कधी?"

"तुरुंगावरून येताना. तुम्हाला पंचांच्या नियमानं गाडीत घातलं होतं ना मी? मग म्हटलं, बसलेच आहेत तर विचारून घ्यावं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही याच. तिथं माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नसेल, हा दिवसभर कचेरीत, मी बोलू कुणाशी? मग तळ्यावरून येताना परत विचारलं. तेव्हा रडलेसुद्धा मी. चौकात तर सात फेऱ्या मारल्या, सातही वेळा विचारलं."

"मग... मी काय म्हणालो?"

"काही नाही. नको असलं की तुम्ही घसा खाकरता. तेवढं मी कान देऊन ऐकत होते, गाडीचा रेडिओसुद्धा लावला नाही. तुम्ही एकदाही खाकरला नाहीत." तिनं पुड्यातलं एक बिस्किट काढून त्यांच्या हातात दिलं. "म्हणून मी घराच्या दलालाला तीन खोल्यांचं कधीच सांगून टाकलंय. तुमच्या मुलाला अजून ठाऊक नाही, जेवताना सांगू."

दंतवैद्यांना एकदम भरून आलं. गळ्यात एवढा मोठा आवंढा आला की खाली जाईना, वर येईना, डोळे वाहायला लागले. आणि सगळा जीव गोळा होऊन घशापाशी आला तो खाकरण्यासाठी. पण खाकरायचं कसं? शेजारी ती कान देऊन गाडी चालवत होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, बिस्किट मुठीत धरलं, आणि लाल होत, श्वास नाकानं ओढत, ते एवढा सगळा रस्ता तसेच बसून राहिले.

क्लबात पंचांनी नेहमीसारखं ट्रेलरचं दार उघडलं. आत आख्खं ग्लायडर पाहून ते दचकून मागं सरले, आणि डोळे पुसून पुन्हा पाहिलं. "आले," सूनबाईनंच सांगितलं. दंतवैद्य व्हॅनमधून उतरले आणि कुणाशी एक शब्द न बोलता तरातरा चालत निघाले. हँगर मागं टाकला, धावपट्टी मागं टाकली, पार पलीकडच्या कुंपणापाशी गेले, ती तिथून ऐकू शकणार नाही याची मागं वळून खात्री केली, आणि मग मनसोक्त घसा खाकरला.